स्वस्तातली काडतुसं

शनिवार, संध्याकाळ. दादर.

उद्या सकाळी नेमबाजीची स्पर्धा, आणि माझ्याकडे ही असली स्वस्तातली काडतुसं! आज सरावाला रायफल तीच, हात तोच, श्वास रोखलेला, तरी एक गोळी निशाणाच्या मधोमध आणि दुसरी पार कडेला. चांगली विलायती घ्यायची तर अख्खा पगार जाईल. घेतलीही असती, पण हरताळामुळे फोर्टातलं दुकानच बंद. काय करू? वर्षभर राबलो ते यासाठी?

चहा घेताना आईवरच चिडलो. "अगं, नेम कितीही धर, स्वस्तातली गोळी कुठे जाईल सांगता येत नाही!"

दारात शेजारच्या काकू उभ्या होत्या, साखरेला वाटी घेऊन. त्यांचा वसंता गेल्या महिन्यात मोर्चावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात गेला. मोर्चात नव्हता तो, नुसता गॅलरीत उभा होता. काकू हळूच म्हणाल्या, "आमच्या वसंताला तसलीच लागली असेल, नाही रे? मुद्दाम नसेल मारली कुणी."

मी म्हणालो, "हो, काकू."

त्या जरा शांत होऊन गेल्या.

कुठे जाईल सांगता येत नाही. पण पोलिसांना असली स्वस्तातली देत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक आहे.