कोर्टावर झटकलेला क्रिसांतो

पोतोतान, ३ मार्च

ती. मानोंग आन्सेल्मो यांस,
पेर्लिताचा सा. न. वि. वि.

भात कापून झाले, डुकरीण व्यायली. बाकी क्षेम म्हणवत नाही. तुमच्या धाकट्या भावाच्या प्रेताजवळ जागायला अवघा गाव लोटला होता. मेलेला माणूस पाठोपाठ घरात शिरू नये म्हणून रीतीप्रमाणे कोणी थेट घरी गेले नाही. वाटेत थांबून त्याला झटकले. एरवी कोणी बाजारात थांबते, कोणी पावाच्या दुकानात. या वेळी सगळे थांबले बास्केटबॉलच्या कोर्टावर! क्रिसांतोला तिथे सोडल्यावर तो हलेल कशाला?

आता भर दुपारी, गाव निजले की तिथे चेंडू आपटतो. डावऱ्या हाताचा, जमिनीलगतचा तोच ठेका. आपली लेक मारिविक रोज तिथे जाते. मनिलाच्या संघाची निवड पुढच्या महिन्यात आहे. म्हणते, बाबा शिकवतात. खेळ हुबेहूब त्याच्यासारखा झालाय: उंच पोरी उडी मारतात, तोवर ही त्यांच्या काखेखालून पसार. पण मानोंग, तुम्ही थोरले दीर म्हणून सांगते, ती आता उजव्या पायाने लंगडते. डॉक्टर म्हणतात, गुडघा धडधाकट आहे. ज्या गुडघ्याने क्रिसांतोचा खेळ संपवला, तोच हिच्यात शिरलाय. पाद्रीबाबांना नेले, तर पवित्र पाणी शिंपडून स्वतःच चार चेंडू टाकून आले. पोरीचा पाय कसा वाचवू?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

आपली,
पेर्लिता

हारो, ९ मार्च

चि. पेर्लिता हीस,
अनेक आशीर्वाद.

आमच्या घरात उंची मला मिळाली आणि खेळ त्याला. वाटणी करताना विधात्याला डुलकी लागली असावी. मनिलाला पहिल्यांदा गेला तेव्हा तिथल्या धिप्पाड खेळाडूंनी विचारले, म्हणे, याला खिशात घालून न्यायचे काय. पुढे त्याच बुटक्याने त्यांना वर्षानुवर्षे खांद्यावर वाहिले.

मृतांना हुसकावण्याची विद्या मला अवगत नाही, पाहुणचाराची आहे. रविवारी दुपारी येईन, कोर्टावर बसेन आणि कुठेही न थांबता थेट घरी परतेन. कॉफीचाही आग्रह नको. माझ्यासारख्या लॅटिनच्या मास्तराकडे तसेही जिवंत माणूस फिरकत नाही.

लोभ उभयपक्षी वाढो.

आन्सेल्मो

हारो, २ एप्रिल

चि. मारिविक हीस,
अनेक आशीर्वाद.

तू सरळ चालतेस असे आई लिहिते, परम संतोष. चेंडू बास्केटच्या कड्यावर आपटून परत येतो म्हणून रडतेस, असेही लिहिते. येऊ दे परत. आता तो तुझा आहे.

माझे ठीक चालले आहे. दुपारी वरच्या मजल्यावर ठेका सुरू असतो. जिना चढताना उजवा गुडघा कुरकुरतो. वय झाले असे शेजाऱ्यांना सांगतो, त्यांना ते फारच चटकन पटते. ज्या दारातून जन्मभर वाकून गेलो, त्यातून हल्ली ताठ जातो.

मनिलाला निघण्यापूर्वी आशीर्वादासाठी माझा हात कपाळाला लावायला येणार म्हणालीस. येऊ नकोस. तुझे पत्र आल्यापासून क्रिसांतो बुटांचे बंद आवळून दाराशीच उभा आहे. तुमची बस इथूनच जाईल. खिडकीतून हातही हलवू नकोस. सरळ बंदरावर जा, बोट पकड. इतक्या जवळून तुला न भेटता जाऊ देणे मला जड जाते आहे. पण पोरी, तू ज्या हाताला कपाळ लावशील, तो माझाच असेल याची मला आता खात्री देता येत नाही.

लांबूनच लोभ असावा.

तुझा काका,
आन्सेल्मो