सुनेच्या दुकानात सासूचा नंबर

सौ. ललिताबाई विहीणबाई यांना कारेगावाहून बानूबाईचा हात जोडून नमस्कार. (हात जोडले आहेत, पण ते नीट जुळत नाहीत. का, ते पुढे येईलच.)

तुमचा गुडघा कसा आहे? व्याहीबुवांचा खोकला थांबला का? नसेल तर अडुळशाचा काढा द्या, आणि प्यायला नाही म्हणाले तर माझं नाव सांगा. वरवंडला उसाला तोड मिळाली का? विहिरीची मोटार पुन्हा जळाली नाही ना? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खुशाल तसं कोणीच नाही. तुमचा जावई बिरदेव, तो कंपनीच्या कँटीनमध्ये जेवून येतो आणि घरी आला की भिंतीकडे बघत बसतो. आमचे मालक शेळ्यांशी बोलतात, माझ्याशी नाही. आणि तुमची लेक, म्हणजे आमची सून हर्षदा, चार दिवस माहेरी जाऊन येते म्हणून गेली, ती अजून तिकडेच आहे. तिला परत पाठवा असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करते. राहू दे की हवं तितकं, माहेर आहे तिचं. मी फक्त जे झालं ते माझ्या बाजूनं कळवते, कारण तिनं तुम्हाला काही सांगितलेलं नसणार. ती भांडणाऱ्यातली नाही, तोंड मिटून कामाला लागणाऱ्यातली आहे, आणि हेच तर मला सोसत नाही.

फोन का केला नाही म्हणाल, तर त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे फोन आला की तुम्ही स्पीकर चालू करता (रागावू नका, सगळ्या वरवंडला ठाऊक आहे), शेजारी हर्षदा मेथी निवडत बसलेली असणार, आणि माझा आवाज ऐकला की उठून आत जाणार. दुसरं म्हणजे माझ्या उजव्या हाताच्या नखांनी फोन चालत नाही. काचेवर नख टेकवलं तर फोन ढिम्म हलत नाही, आणि बोट आडवं करून दाबलं तर भलतंच दाबलं जातं. परवा तुम्हाला लावायला गेले आणि खताच्या दुकानदाराला कितीतरी वेळ गुडघा कसा आहे ते विचारत बसले. तोही बिचारा बरा आहे म्हणाला.

तर ही नखं. हर्षदानं आमच्या पुढच्या गाळ्यात नखांचं दुकान काढलं तेव्हा मीच नाक मुरडलं होतं. म्हटलं, इथं सगळ्या कंपनीत जाणाऱ्या पोरी, दिवसभर हातमोज्यात हात, नखं कोण लावून घेणार? ती म्हणाली, "म्हणूनच लावतील, आई. दिवसभर झाकलेलं हात संध्याकाळी बघावंसं वाटत्यात." आणि खरंच सुटीच्या वेळेला शटरपुढे स्कूट्यांची रांग लागायला लागली. आमच्या केंदूरच्या भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा तिनं मलाही बसवलं. तोंडाला मास्क, हातात गुरगुरणारं कानशीचं मशीन. माझ्या नखांवर पांढरी पूड कालवून लावली, पुढे लांबवली, घासली, रंगवली, मग निळ्या दिव्याच्या पेटीत हात घालायला लावला. मरून रंग आणि त्यावर सोनेरी ठिपके! विहीणबाई, जन्मभर शेण, माती आणि लोकर यांतच गेलेले हात माझे, ते मला ओळखू येईनात. लग्नात मी एक काम धड केलं नाही. नुसती हात दाखवत फिरले. ज्यानं वाट विचारली नाही त्यालाही बोट लांब करून पंगत कुठे बसली आहे ते दाखवलं. तुम्हीही विचारलं होतं, ही कुणी केली, आणि मी म्हटलं होतं, आमच्या सुनेनं. तोवर सगळं गोड होतं.

पुढे तीन आठवडे झाले आणि हर्षदा म्हणाली की आता रिफिल करावं लागेल. म्हणजे काय, तर आपलं खरं नख मागून वाढतं, लावलेलं नख पुढे सरकतं, मधे फट पडते. ती वेळच्या वेळी भरून घ्यायची असते. नाही भरली तर पाणी शिरतं, नख उचकटतं, ओढलं गेलं तर खालचं खरं नखही सोलून निघतं. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण मग तिनं मला एक छापील कार्ड दिलं आणि त्यावर वार आणि वेळ लिहून दिली. सून सासूला वेळ देते! ज्या घरात मी तिला उंबऱ्यावरचं माप ओलांडायला लावून आत घेतलं, त्या घरात मी माझ्याच सुनेला भेटायला अपॉइंटमेंट घ्यायची? मी कार्ड फडताळातल्या डब्याखाली सारलं. म्हटलं, आमची घोंगडी वीस वर्षं अंगावर आहे, तिनं मला कधी तीन आठवड्यांनी बोलावलं नाही.

मग मी माझ्या सवडीनं गेले. (सवड म्हणजे भाकरी झाल्या, शेळ्यांना पाणी दाखवलं आणि मालिकेत जाहिराती लागल्या, तेव्हा.) आत हर्षदा एका पोरीचा हात धरून बसली होती, आणखी दोघी बाकावर. मी पदर खोचून पुढे गेले आणि हात मशीनखाली सरकवला. तर काय म्हणावं तुमच्या लेकीनं? "आई, वाईच बसा. तुमचा नंबर आला की घेते." नंबर! बाकावरच्या पोरी सरकल्या आणि त्यांनी मला जागाही दिली. तोच माझा जास्त अपमान झाला. मी तिथून उठले आणि शपथ घेतली की आता या दुकानाची पायरी चढणार नाही.

शपथ नखांना कळत नाही, ती वाढत गेली. फटीत कणीक बसायला लागली. भाकरी थापली की कडेनं चंद्रकोरी उमटायच्या, मालक विचारायचे की कावळ्यानं टोचली का काय. बिरोबाच्या जत्रेत भंडारा उधळला तो फटीत जाऊन बसला आणि माझी मरून नखं बुडाला पिवळी झाली. बाजारात उचकटलेलं एक नख कुणा बाईच्या पदरात अडकलं. ती कांद्याकडे निघाली म्हणून मीही कांद्याकडे गेले, ती वांग्याकडे वळली म्हणून मी वांग्याकडे. तिला वाटलं मी भाव ऐकतेय, शेवटी तिनंच मला सांगितलं की पुढे स्वस्त आहेत. धार काढायला बसले तर शेळीनं एकदा मागे वळून बघितलं आणि असा पाय झाडला की चरवी उकिरड्यावर गेली. आता मला बघितलं की ती दावं ताणते. आमचे मालक खूर कापायची कात्री घेऊन आले आणि म्हणाले, "शेळीचं खूर येळंवर न्हाई कापलं तर ती लंगडती. तुज्या नखाचं काय येगळं हाय? जा की पोरीकडं." नवऱ्यानं शेळीत काढलं म्हणून मी दोन दिवस जेवले नाही. (म्हणजे त्यांच्यासमोर जेवले नाही.)

मग एकेक नख पडायला लागलं. पहिलं डाळीच्या डब्यात सापडलं. हर्षदानं बजावलं होतं की घरी काही चिकटवू नका, पण तिचं ऐकायचं तर शपथ मोडते. मी किराण्यातून झटपट चिकटणाऱ्या डिंकाची नळी आणली. एक नख बसवलं ते उलटं बसलं, टोक माझ्याकडे आणि बूड जगाकडे.

नेमकी त्याच दिवशी शिरूरहून एक नवरी आली. बरोबर तिची आई आणि करवल्यांची फौज. सगळ्यांची नखं हर्षदाकडे करायची की नाही ते ठरवायला, काम बघायला आल्या होत्या. एवढं मोठं काम तिला आजवर मिळालं नव्हतं. ते मिळालं तर दुसरी खुर्ची घ्यायची, हाताखाली एक मुलगी ठेवायची, असं ती बिरदेवला सांगताना मी ऐकलं होतं. (मुद्दाम ऐकलं नाही, भिंत पातळ आहे.) मला वाटलं, झालं गेलं विसरावं, आपण चहा घेऊन जावं. बिरोबाची शप्पथ, चांगल्या मनानं गेले होते. पण डिंक वाळला नव्हता. स्टीलचा ट्रे उचलला तो उचललाच. सगळ्यांनी कप घेतले, चहा प्यायला, कप परत ठेवले, आणि मी ट्रे धरून उभीच. नवरीची आई म्हणाली, "आजी, ठिवा की खाली." मी म्हटलं, राहू द्या, आमच्यात असंच असतं. करवल्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्या बाईची नजर माझ्या बोटांवर गेली. तीन बोटं उघडी, बाकीची नखं बुडाला पिवळी, त्यातलं एक लोंबतं आणि एक उलटं. तिनं विचारलं, "ही कुणी केली वो?"

विहीणबाई, मी काहीही म्हणू शकले असते. पुण्यात केली म्हणाले असते, नाही तर मीच केली म्हणाले असते. पण सवय वाईट. लग्नापासून जिभेवर जे बसलं होतं तेच मान ताठ करून निघालं: "आमच्या सुनेनं."

त्या बायका विचार करून सांगतो म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी केलेला विचार आजवर कळलेला नाही.

हर्षदा मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर मीही चार शब्द सुनावले असते, घर दणाणलं असतं आणि संध्याकाळी दोघी एकाच ताटात जेवलो असतो. तिनं शटर अर्धं ओढलं, मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं, ट्रेसकट माझा हात मांडीवर घेतला आणि कापसाचे बोळे भिजवून एकेक बोट सोडवत बसली. कातडी ओढली जाऊ नये म्हणून मधेच फुंकर घालायची. बाहेर दोन पोरी थांबल्या होत्या, त्यांना म्हणाली, उद्या या. त्या दिवशी तिनं मला नंबर विचारला नाही. मला रडायला येत होतं, म्हणून मी डिंकाच्या कंपनीला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तिनं मशीनवर फडकं टाकलं आणि ती वरवंडच्या गाडीत बसली.

आता मी रोज सकाळी शटर वर करते, झाडते, उदबत्ती लावते. पोरी येतात आणि विचारतात, ताई कधी येणार? परवा एक जण फट पडलेला हात घेऊन आली आणि म्हणाली, मावशी, तोवर डिंकानं चिकटवू का? माझा असा तोल सुटला! तिला बाकावर बसवून सांगितलं की बये, वेळच्या वेळी रिफिल करून घ्यायचं असतं, दुखत नाही म्हणून टाळायचं नसतं, पाणी शिरतं, नख उचकटतं, खालचंही सोलून निघतं, कार्डावर वार लिहून दिलेला असतो तो काही शोभेला नसतो. आणि पुरावा म्हणून माझा हात दाखवला. ती जी पळाली ती चप्पल इथंच टाकून. पण मी बोललेला शब्द न् शब्द हर्षदाचा होता, हे मला मागाहून ध्यानात आलं.

घर खायला उठतं, विहीणबाई. खोटं कशाला बोलू? संध्याकाळी ते मशीन गुरगुरत असायचं तेव्हा मला कटकट वाटायची, आता त्याच्यावाचून झोप येत नाही. पण सासू आहे मी. "ये गं" म्हणून सुनेला विनवायचं आमच्या कुळात कुणी केलेलं नाही, आणि सुरुवात माझ्यापासून नको. तिची मर्जी असेल तेव्हा येईल. व्याहीबुवांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला शेक घेत जा.

आपली,
सौ. बानूबाई

ता. क. हे पत्र हर्षदाला वाचून दाखवू नका. तुम्हाला चष्मा सापडला नाही आणि तिनंच वाचायला घेतलं, तर त्याला माझा इलाज नाही. म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

ता. क. दुसरा. एक निरोप मात्र तिला जरूर द्या, कारण तो धंद्याचा आहे, घरचा नाही. येत्या सोमवारी सकाळी एका गिऱ्हाइकाला अपॉइंटमेंट पाहिजे. गिऱ्हाईक वयस्कर आहे, तोंडाचं फटकळ आहे आणि पूर्वी एकदा नंबर मोडून पुढे घुसलेलं आहे. पण आता ते बाकावर बसेल, मागून आलेल्या चार पोरी आधी गेल्या तरी हूं की चूं करणार नाही, आणि पैसे पूर्ण देईल. नखं चारच उरली आहेत. ती कशी झाली असं कुणी विचारलं तर गिऱ्हाईक आता खरं सांगतं, की सुनेनं सोन्यासारखी केली होती, वाट आपण लावली. शिरूरच्या त्या बाईच्या घरी जाऊन तेच सांगायची गिऱ्हाइकाची तयारी आहे. फक्त सोबत कुणीतरी पाहिजे, एकटीला भीती वाटते.

ता. क. तिसरा. गिऱ्हाईक म्हणतं की यापुढे दर तीन आठवड्यांनी येत जाईन, मरेपर्यंत, न चुकता. एवढं बांधलेलं गिऱ्हाईक कुणी सोडतं का? तुम्हीच तिला समजावून सांगा.