विलायती की सियालकोटी

नांदेड, वैशाख वद्य षष्ठी, शके १८७०

चिरंजीव बापूसाहेब वकील, मुक्काम लातूर, यास आई विठाबाईचे आशीर्वाद.

आम्ही दोघी इथं ठीक आहोत. तुझं पित्त कसं आहे? कोर्टात ओरडायचं आणि घरी येऊन ताक प्यायचं, हा धंदा तूच निवडलास. कैरीचं लोणचं घातलंय, पण मीठ चंद्रप्रभेनं टाकलंय, म्हणून पाठवत न्हाई. हे ती लिहून राहिलीय आणि हसून राहिलीय. नातसून लिहिणारी असली की तिची चहाडीसुद्धा तिच्याच हातून करावी लागते.

आता कामाचं. तुझा रेणुकादास मॅट्रिक झाला तेव्हा तू त्याला दिलीस ती टेनिसची बॅट आठवते ना? मी तिला मोठा झारा म्हणायची. ही म्हणते, आजी, रॅकेट म्हणा. मी म्हटलं, तळायला घेतली तर झाराच. तू ती हैदराबादेहून आणलीस आणि सगळ्या गल्लीला ऐकवलंस, विलायतेची आहे, गोऱ्या कारागिराच्या हातची. बॅट पोराची, पण आठ दिवस काखेत घेऊन हिंडलास तू.

तर तशी एक बॅट घरी आलीय.

तुला माहीत नसेल, कारण तू विचारलं न्हाईस. शाळेची नोकरी सोडून पोरगा निजामाविरुद्धच्या चळवळीत गेला तेव्हा तू लिहिलंस, माझा-त्याचा संबंध संपला. दावा निकालात निघावा तसं. होळीनंतर तो किनवटकडं गेला. चौघं होते आणि चौघांच्या हातात बॅटी. गवसणीत बॅट, बॅटीमागं छापील कागद. म्हणायचा, "आजी, बॅट दिसली की शिपाई झडती घेत नाही, सलाम ठोकतो."

परवा बसवंत गाडीवान लाकडं घेऊन आला. त्यानं सांगितलं, जंगलातल्या नाल्यापाशी गस्तवाल्यांनी एकाला गोळी घातली. ओळख पटायच्या आत तिथंच जाळलं. बाकीचे पांगले, त्यांचा पत्ता न्हाई. गोळी लागलेल्याच्या हातातली ही बॅट नाल्यात पडली होती, ती त्यानं कडब्याच्या पेंढीत लपवून आणली. गेला त्याचा तोंडावळा त्यानं पाहिला न्हाई.

गोष्ट एवढीच हाय. आपली बॅट विलायती. बाकी तिघांच्या सियालकोटच्या, देशी, असं रेणुकादासच त्यांना चिडवायचा. म्हणजे ही सियालकोटची निघाली तर आपल्या पोराची न्हाई. दुसऱ्या कुणा आईच्या... हे लिहू नको गं. लिहिलंस? असू दे. चंद्रप्रभा म्हणते, लाकडावरची अक्षरं घासून गेलीत, गावाचं नाव लागत न्हाई. मला तर कोरी करकरीत अक्षरंही लागत न्हाईत. म्हणून तुला विचारते. आपल्या बॅटीवर काही खूण होती का? मुकुट, सिंह, राणीचं डोकं? असेल तर लगोलग कळव.

मामंजी, या पुढच्या ओळी माझ्या आहेत. मी आशीर्वाद लिहिते आहे असं आजींना वाटतं आहे. अक्षरं घासलेली नाहीत. सियालकोट असं वाचता येतं, आणि तरीही ही आपलीच आहे. लग्नानंतर त्यांनी मला दाखवली होती. तुमच्या नजरेस पडू नये म्हणून त्या नावावर त्यांनी सुईनं रेघा ओढल्या होत्या. म्हणाले होते, "बाबा विलायत म्हणतात ना, मग विलायत." त्याच रेघा आहेत. आजींना हे सोसायचं नाही. आपल्या बॅटीवर मुकुट होता, असं कृपा करून लिहा. मी त्यांना वाचून दाखवीन. चंद्रप्रभा.

उन्हात फिरू नकोस. उत्तराकडं डोळे लावून बसले आहे.

*

बापू, अक्षर बदललं म्हणून दचकू नको. चंद्रप्रभा लिफाफा चिकटवत होती, तिला म्हटलं, दे, पोस्टात खळ असते. इथं ओट्यावर वीरण्णा मुन्शी बसतो, त्याच्याकडून पुढचं लिहून घेते. घरात लिहिणारी एकच, आणि हे तिच्या हातून लिहवणं माझ्यानं झालं न्हाई.

ती बॅट आपलीच, हे तुला सांगायला मी आले. एका उन्हाळ्यात मी तिच्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. चांगली ताणलेली जाळी, वारा दोन्हीकडून. उंदरांनी कुरडया खाल्ल्या आणि जाळीचा एक पदरही कुरतडला. पोरगा रडकुंडीला आला. मी पिंजाऱ्याकडं गेले आणि त्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीची तात, ती जाड दोरी, तिथं बसवून आणली. ती छेडली की पिंजाऱ्याच्या दुकानासारखी घुमायची. बसवंतानं बॅट हातात दिली आणि माझा अंगठा आपसूक तिथंच गेला. घुमली. चंद्रप्रभा चुलीपाशी होती. मी तळव्यानं दाबून धरली.

पोरीला अजून चार दिवस आशेवर काढू दे, असं मनात होतं. तुला गुपचूप सांगणार होते, मुकुट होता म्हणून लिही.

लिहायला बसण्याआधी वीरण्णाला म्हटलं, वरचं वाच, बघू पोरीनं काय काय गाळलंय. तो वाचत वाचत आला आणि थांबला. म्हणाला, "आजी, इथं शाई पुसट हाय."

"वीरण्णा, तुझं तोंड पुसट न्हाई. वाच."

त्यानं वाचलं.

बॅट आल्यापासून ती कुंकू लावताना माझ्याकडं पाठ करून बसते. मला वाटायचं, लाजते.

तू ज्याला दार लावलंस, तो तुझी बढाई सुईनं झाकत बसला होता. मला आज कळलं, तुला हे वाचताना कळलं. याच्यावर मला टोमणा सुचत न्हाई.

म्हणून उत्तर धाडू नकोस. तू काहीही लिही, ती मला मुकुटच वाचून दाखवील आणि मी मान डोलवीन. अशा आम्ही दोघी किती वर्षं काढू, सांगवत न्हाई. तू स्वतः ये. वकिली कोट घालून मोटारीत बस, कुणी अडवायचं न्हाई. आमच्या दोघींच्या मधे बस, बॅट मांडीवर घे आणि त्या गावाचं नाव मोठ्यानं वाच. खोटं तू सांगितलंस, खरंही तूच सांग. मग पोराचे दिवस करू. ते राहिलेत.

बॅट खुंटीवर हाय. मी तिला हात लावत न्हाई. वाजते.

खाली अंगठा माझा. वीरण्णा म्हणतो, शाई फार लागली, रेघा उमटल्या न्हाईत, पुन्हा करा. म्हटलं, राहू दे. त्याला ओळखू येईल.

तुझी आई