फर्मचं विसर्जन

१२ जाने. ८३, पांढुर्णा
छिंदवाड्याहून परत. संत्र्यांच्या आडत फर्मचं काम झालं. भागीदार देवराव गेले, करारनाम्यात भागीदाराच्या मृत्यूविषयी अक्षर नाही. म्हणून फर्म त्या दिवशीच संपली, उरलेल्या दोघा भावांची ती नवीन, हे वकील म्हणून माझं म्हणणं आयकर साहेबांनी मानलं. एका वर्षाच्या आकारण्या दोन, म्हणून कर कमी. थोरला गुलाबराव पेढे घेऊन आला. खाल्ले.

२० जाने.
सौंसर. देवरावांच्या पत्नी शांताबाईंची सही हवी होती. म्हणालो, फर्मचं विसर्जन झालं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अस्थी तर आमी सोडल्या भाऊ. आता हे कोणतं राह्यलं?"
शेजारी बसलेला त्यांचा जावई हसला. मीही. हसायला नको होतं.

४ मार्च
फर्मला मागच्या एका सालाचा दंड. मोठा. गुलाबराव शांत. "संपल्या फर्मचा दंड साऱ्या भागीदारांवर. देवराव भागीदार होता न?"
बरोबर आहे. कलम १८९. मृताचे वारसही जबाबदार, आणि वसुली कोणाही एकाकडून पूर्ण. फर्म चालूच आहे असं मांडलं असतं तर आयकर खातं वसुलीला आधी फर्मच्या दारात गेलं असतं. हे कलम मी डिसेंबरात वाचलं होतं. फर्म सुस्थितीत आहे असं धरून पुढं गेलो. खरंच तेवढंच? की जिंकायचं होतं?

२३ मार्च
शांताबाईंच्या घरावर जप्ती. घर देवरावांच्या नावे, गुलाबरावचं बायकोच्या. वसुलीवाल्यांनी सोपं ते धरलं.
दुपारी त्या बसनं आल्या. "फर्मवाले ऐकून नाही राह्यले. तुमीच लढा भाऊ. तुमाले सारं ठाऊक आहे."
त्यांच्यासाठी लढायचं तर स्वतःचंच म्हणणं चूक होतं, असं उभं राहून सांगावं लागेल. शिवाय गुलाबराव माझा पक्षकार. पाहतो म्हणालो. चहा दिला.
ही आतून ऐकत होती. "त्यांना सांगितलंत?" नाही.

२४ मार्च
ठरवलं. सौंसरला जायचं, सगळं सांगायचं, नागपूरचा दुसरा वकील करून द्यायचा.
बसमध्ये गुलाबराव. सरकून जागा दिली. तोही शांताबाईंकडेच. घर तोच घेणार म्हणे. पैशातून दंड भरला जाईल, बाई मोकळी. भाव सांगितला. फार कमी.
"बरं झालं भेटले. तुमीच समजावा तिले. तुमचं ऐकते ती."
बस सुटली होती. माझंही तिकीट त्यानंच काढलं.

रात्री घरी. पुढचं उद्या लिहीन म्हणतो. सौंसरला गुलाबरावच बोलत होता. शांताबाई माझ्याकडे पाहत होत्या. नागपूरच्या वकिलाचा पत्ता खिशातच परत आला.