धोकादायक भाग

प्रिय डेनिता,

गुरुवारच्या सुनावणीला तू येतेस, असं वकीलबाईंनी कळवलं. तुझी खोली झाडून ठेवली आहे. डॅडींना पोलिसांनी अडवलं ते कायद्याला धरून होतं की नाही, एवढंच त्या दिवशी ठरायचं आहे. गेले चार महिने मला दुसरं काही सुचलेलं नाही.

फोनवर मला नीट सांगता आलं नव्हतं. डॅडी न्हाव्याकडून निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि टोपी राहिली म्हणून मागे वळले. नेमकी तेव्हाच समोरून पोलिसांची गाडी आली. दुकानातून क्लीटस ओरडला, "ये ये, अर्नेल! आज टोपी विसरलास, उद्या डोकं विसरशील!" डॅडी हसत दारापर्यंत पोचलेही होते. तिथून त्यांना ओढून नेलं, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवायला लावले. "अरे पोरांनो, तीस वर्षं याच रस्त्यावर बस चालवली मी," डॅडी म्हणाले. "गप उभा राहा, म्हाताऱ्या." खिशात किल्ल्या निघाल्या आणि पेपरमिंटच्या गोळ्या. तोवर त्यांचे गुडघे वाकले होते. क्लीटस म्हणतो, पडेपर्यंत डॅडींनी बॉनेटवरचे हात उचलले नाहीत. पडले ते पुन्हा उठलेच नाहीत.

मग मी वाचनालयात जाऊन जुने निकाल वाचले. नववीत शाळा सुटलेल्या बाईला जेवढं कळायचं तेवढं कळलं. पोलिसांना बघून माणूस वळला, एवढ्यानं त्याला अडवायला भागत नाही. भाग वाईट आहे, एवढ्यानंही नाही. दोन्ही एकत्र आलं की भागू शकतं.

आता आपला भाग वाईट कशावरून? पोलिसांनी त्याचा कागद दिला आहे. दोन वर्षांत आपल्या रस्त्यावरून आलेल्या तक्रारी. त्यात नाव नाही, पण बहुतेक सगळ्या एकाच घरातून केलेल्या आहेत. आपल्या.

शेजारच्या युनिसला ओट्यावर बसल्याबसल्या गोळी लागली, तेव्हापासून माझा धीर सुटला होता. कोपऱ्यावर चार जण दिसले की मी फोन उचलायची. कधी खरंच काही असायचं. कधी माणसं नुसती उभी असायची, आणि तरी मी फोन केला. डॅडी चिडवायचे, "आली आमची फौजदारीणबाई! ठेव तो फोन, तुझ्या आवाजाला घाबरत असतील ते आता." मी पोलिसांकडे मदत मागत होते, डेनिता. त्यांनी ते सगळं जमवून ठेवलं आणि तुझ्या वडिलांवर संशय घ्यायला वापरलं.

गुरुवारी त्यांचा वकील मला विचारेल, हे फोन तुम्हीच केले ना? मी हो म्हणणार. शपथ घेऊन खोटं बोलणं मला जमायचं नाही. कदाचित तेवढ्यावर आपण हरू. हे तुला कोर्टात, परक्या माणसाच्या तोंडून कळू नये, म्हणून आज लिहायला बसले. तुझ्याच्यानं माझ्या शेजारी बसवलं नाही, तर मागच्या बाकावर बस. पण ये.

तुझीच,
ममा