अजून चाळीस मिनिटं

३ मार्च
आज हॉस्पिटलातून घरी आलो. उजव्या मनगटात प्लेट बसवली आहे. स्वयंपाकघरातलं घड्याळ मागे पडतं म्हणून उतरवायला स्टुलावर चढलो होतो, तेव्हा पडलो. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून थोडक्यात. नर्सने सांगितलंय की दुखणं शून्य ते दहा आकड्यात रोज लिहायचं, गोळ्याही लिहायच्या. स्ट्राँग गोळ्या दहा दिल्यात. लागली तरच घ्यायची आणि दोन गोळ्यांत सहा तास हवेत. लवकरात लवकर बंद करायच्या. मी दोन दिवसांत करणार. तीस वर्षं वजनमापं तपासण्याची नोकरी केली, मापात राहणं मला कोणी शिकवू नये.
दुखणं तीन. गोळी एक. सूचनांचा कागद फ्रीजवर लावला.

४ मार्च
दुखणं चार. गोळ्या दोन.
दुसरी अर्धी मोडून घेतली. उरलेली अर्धी हवेने खराब होईल म्हणून दहा मिनिटांनी तीही घेतली.
मुलीचा फोन. येऊन राहते म्हणाली. गरज नाही म्हटलं. तिला सांगितलं, तुझ्या आईने बरगड्या मोडल्या असताना सात गोळ्या वाचवल्या होत्या, मला मनगटाचं काय कौतुक. त्यावर फोन बंद झाला. लाइन कट झाली असावी.

५ मार्च, दुपार
दुखणं चार. गोळ्या तीन.
घड्याळ वीस मिनिटं मागे असतं हे धरून त्यात एक चाळीस झाले तेव्हाच दोनची गोळी घेतली. मापातली चूक दुरुस्त करणं म्हणजे नियम मोडणं नव्हे.
मग आडवा झालो. आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो, किती वाजले?"
हिचा आवाज. हिला जाऊन दोन महिने होतील. स्ट्राँग गोळीने असं होतं म्हणे. कागदावर लिहिलं असेल. वाचला नाही.

६ मार्च
आजपासून गोळी बंद. सकाळी आठला ठरवलं.
साडेनऊला एक. घड्याळ पाऊण तास मागे असावं.
एकूण चार. दहा संपल्या. म्हणजे बंद झाल्याच.
आवाज आज गोळीच्या आधीच आला.

७ मार्च
हिच्या खणातल्या सात काढल्या. गोळी तीच, तारीख उलटलेली नाही. नाहीतरी वायाच जाणार होत्या. दिवसभरात तीन घेतल्या. दुखणं चार.
जानेवारीत ही न्हाणीघरात घसरली, तीन बरगड्या मोडल्या. गोळ्या मी शर्टाच्या खिशात ठेवायचो. सवय लागायला नको. ही विचारायची, किती वाजले. मी सांगायचो, अजून चाळीस मिनिटं. मिनिटाचीही सूट दिली नाही. एकदा म्हणाली, "तुमच्या त्या काट्यावर माझं दुखणं ठेवून बघा एकदा." मला हसू आलं. हीही हसायला लागली, पण बरगडीवर हात दाबून थांबली.
नवव्या दिवशी न्यूमोनिया. त्याचा बरगड्यांशी संबंध नव्हता.

८ मार्च, सकाळी ११
नर्सचा फोन. आकडा विचारला. चार म्हटलं. मग विचारलं, बर्फ लावता का, हात उशीवर उंच ठेवता का, साधी पॅरासिटामॉल वेळेवर घेता का. मी म्हटलं, कागदावर गोळ्या कमी करा असं आहे, तेवढं करतोय.
ती म्हणाली, "काका, गोळी कमी करायची, दुखणं अंगावर काढायचं नाही. बाकीचं सगळं केलं तरच गोळी कमी होते."
मी सहज विचारलं, बरगड्या मोडल्या असतील तर? ओळखीच्या एका बाईंचं आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, मग तर दुखणं आवरलंच पाहिजे. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, छातीत कफ साठतो. उशी छातीशी धरून खोकायला लावायचं, औषध वेळेवर द्यायचं. त्या बाईंना आजच दाखवायला सांगा, म्हणाली.
सांगतो म्हटलं.

८ मार्च, दुपार
हिची फाइल काढली. आत तसाच छापील कागद, बरगड्यांचा. सात ओळी आहेत. गोळ्या कमी करण्याची ओळ लाल पेनाने अधोरेखित केलेली, पट्टी लावून. लाल पेन माझं. उशी छातीशी धरून खोकायची ओळ तिच्या लगेच खाली आहे.

९ मार्च
काही नाही.

१० मार्च
दुखणं सात. पहिल्या दिवसापासून सातच होतं.
हिच्या उरलेल्या चार गोळ्या केमिस्टकडे नेऊन परत दिल्या. कोणाच्या, विचारलं त्याने. घरातल्या, म्हटलं. पॅरासिटामॉल घेतली. घड्याळाचा सेलही घेतला. घरी आल्यावर स्टूल बघून सेल टेबलावरच ठेवला.
दुपारी आतून पुन्हा विचारलं, किती वाजले. घड्याळाकडे बघितलं नाही. म्हटलं, "झाली वेळ."
नंतर बर्फाचा ट्रे डाव्या हाताने नळाखाली भरला. फ्रीजपर्यंत नेताना निम्मं पाणी सांडलं. पुन्हा भरला.