बिनसाखरेच्या चहाची नोंद रद्द होणेबाबत

प्रति,
मा. मूल्यमापन अधिकारी,
उद्याने व जलाशय विभाग.

विषय: पक्षी पाहण्याच्या फेऱ्यांच्या आर्थिक मूल्यात माझ्या नावे लागलेला चहा.
संदर्भ: तळ्याच्या फाटकावर डकवलेला आपला अहवाल.

महोदय,

१. मी घड्याळे दुरुस्त करीत असे. दुकान बंद केल्यापासून रोज सकाळी तळ्यावर पक्षी पाहतो. गेल्या महिन्यात आपला कर्मचारी माझ्या बाकावर येऊन बसला. तळ्याची किंमत काढायची म्हणून त्याने येण्याजाण्याचा खर्च विचारला. मी पायी येतो, दुर्बीण मेहुण्याची. त्याने शून्य मांडले. येथवर तक्रार नाही.

२. नंतर तो फारच गोड आवाजात म्हणाला, "काका, हे सगळं कायमचं सोडायचं झालं, तर काय घ्याल?" समोर खंड्या मासा पकडत असल्याने मला फक्त "काय घ्याल?" एवढेच ऐकू आले. चहावाला नेमका तेव्हाच शेजारी कसा, हेही तपासावे. मी म्हणालो, "चहा. बिनसाखरेचा." चहा आला, मी प्यालो. अहवालात लिहिले आहे: "अपेक्षित मोबदला: एक चहा. अदा केला." तळे इतके स्वस्त निघाल्यामुळे ते बुजवून वाहनतळ करावा, अशी शिफारसही आहे. काल रखवालदाराने मला फाटकावर अडवले. म्हणाला, "तुम्ही तर घेतलंत ना काका?" पाहुणचार करून केसाने गळा कापण्याचा हा प्रकार आहे. कुठेतरी पाणी मुरते आहे.

३. सदर कर्मचारी मी नसताना माझ्या घरीही गेला होता. यांचे तळ्यावर जाणे बंद करायला काय घ्याल, असे त्याने पत्नीस विचारले. ती म्हणाली, "घेते कसली? वर माझं शिलाई मशीन देते, पण यांचं जाणं बंद करू नका." ती पक्षी पाहत नाही म्हणून हे उत्तर धरले गेले नाही. मला घराबाहेर ठेवण्याची एवढी घाई का, असा संशय मलाही आला. मी सरळ विचारले. शिवण खाली ठेवून ती म्हणाली, "तळ्यावरून आलात की तेवढंच माझ्याशी बोलता." फार वाईट वाटले.

४. सबब, माझा चहा खोडून त्या जागी पत्नीचे शिलाई मशीन मांडावे व मला आत सोडावे. मशीन प्रत्यक्षात उचलून नेऊ नये. काल मला तळ्यावर जाता आले नाही, आणि घरात दिवसभर फक्त त्या मशीनचाच आवाज होता.

आपला नम्र, तूर्त फाटकाबाहेरचा,
(सही)
दिनांक: फाटकावर अडवल्याचा दुसरा दिवस

सोबत: चहाचे पैसे. पोच लेखी द्यावी; तोंडी काही विचारू नये.